मदत हवी आहे : सर्व्हर वाढवल्यापासून ॲप्लिकेशन अधिकच कोलमडते

उंबरठा :
नमस्कार. आमचे वेब ॲप्लिकेशन दोन सर्व्हरवर चालत होते. गर्दीच्या वेळी पाने फार सावकाश उघडत, म्हणून विनंत्या सर्व्हरमध्ये वाटून देणाऱ्या एन्जिनएक्सच्या मागे आणखी तीन सर्व्हर जोडले. तेव्हापासून वेग वाढणे दूरच, उलट निम्म्या विनंत्यांना ५०० ची, म्हणजे सर्व्हरमधल्या बिघाडाची, एरर मिळते. पाचही सर्व्हरचे सीपीयू निवांत आहेत. नोंदणी उद्या सुरू होणार आहे, तेव्हा कृपया नेमका उपाय सांगावा.

चौकसबुद्धी :
डेटाबेस कोणता, तो कुठे चालतो आणि लॉगमध्ये काय दिसते, यांपैकी काहीच आपण लिहिलेले नाही. नेमका उपाय कशावर सांगायचा?

अर्धविराम :
सेशन, म्हणजे लॉगिन झालेल्या वापरकर्त्याची नोंद, त्या-त्या सर्व्हरवरच्या फाइलमध्ये ठेवत असाल, तर एका सर्व्हरवर लॉगिन झालेला वापरकर्ता दुसऱ्यावर अनोळखी ठरतो. सेशन रेडिसमध्ये, म्हणजे सर्व सर्व्हरना सामाईक अशा साठ्यात, हलवा.

उंबरठा :
सेशन रेडिसमध्येच आहेत आणि लॉगिनची तक्रार मी केलेलीच नाही. डेटाबेस पोस्टग्रेस आहे, वेगळ्या मशीनवर आहे, त्याला आम्ही हातही लावलेला नाही. लॉगमध्ये ‘सॉरी, टू मेनी क्लायंट्स ऑलरेडी’ (आधीच खूप जण जोडलेले आहेत) असे येते.

रात्रपाळी :
ॲप्लिकेशनच्या प्रती आपोआप चालवणाऱ्या कुबरनेटीसवर जा, हे सगळे आपोआप सांभाळले जाते.

चौकसबुद्धी :
काहीही सांभाळले जात नाही. तिथे पॉड, म्हणजे ॲप्लिकेशनच्या प्रती, आपोआप वाढतील आणि हीच एरर आणखी लवकर येईल. उंबरठा, प्रत्येक सर्व्हरवरील कनेक्शन पूल, म्हणजे डेटाबेसशी उघड्या ठेवायच्या कनेक्शनचा संच, केवढा आहे?

उंबरठा :
३०.

चौकसबुद्धी :
म्हणजे दोन सर्व्हरची ६० कनेक्शन होती, ती आता १५० झाली. पोस्टग्रेसची ‘मॅक्स कनेक्शन्स’ ही मर्यादा मुळात १०० असते आणि त्यांतली ३ सुपरयूझरसाठी, म्हणजे सर्वाधिकार असलेल्या प्रशासकासाठी, राखीव असतात.

रात्रपाळी :
मग मर्यादा ५०० करा, विषय संपला!

चौकसबुद्धी :
पोस्टग्रेस प्रत्येक कनेक्शनसाठी स्वतंत्र प्रोसेस उघडतो. मोजक्या कोअरवर शेकडो प्रोसेस एकाच वेळी क्वेरी चालवू लागल्या, की एरर जाईल, पण प्रत्येक क्वेरी रेंगाळेल. शिवाय ही मर्यादा बदलण्यासाठी डेटाबेस रीस्टार्ट करावा लागतो. त्यापेक्षा आजच्यापुरता प्रत्येक पूल १५ वर आणा, म्हणजे एकूण ७५ होतील, आणि मग मध्ये पीजीबाउन्सर हा कनेक्शन वाटून देणारा मध्यस्थ बसवून त्याला ट्रान्झॅक्शन मोडमध्ये चालवा, म्हणजे डेटाबेसचे कनेक्शन एका ट्रान्झॅक्शनपुरतेच अडकेल. पाने आधीपासूनच सावकाश उघडत होती, हे मात्र वेगळे दुखणे आहे. त्यासाठी क्वेरींना लागणारा वेळ नोंदवणारे ‘पीजी स्टॅट स्टेटमेंट्स’ सुरू करून सर्वाधिक वेळ खाणाऱ्या क्वेरी शोधाव्या लागतील.

अर्धविराम :
ट्रान्झॅक्शन मोडमध्ये ‘लिसन’, म्हणजे डेटाबेसकडून येणारे संदेश ऐकत राहण्याची आज्ञा, चालत नाही, हे सांगायचे राहिले.

उंबरठा :
पूल १५ केल्यावर एरर थांबली आहे. परंतु सूचना पाठवणारी आमची एक सेवा ‘लिसन’वरच चालते, तिचे काय करावे?

चौकसबुद्धी :
हे आधी लिहिले असतेत तर बरे झाले असते. तेवढ्या सेवेचे कनेक्शन थेट पोस्टग्रेसच्या ५४३२ पोर्टवर राहू द्या. बाकीचे सर्व पीजीबाउन्सरच्या ६४३२ पोर्टवरून न्या.