मदत हवी आहे : कोरियातल्या 'देजॉन'चा अर्थ मराठीत नेमका कसा सांगावा?

नमस्कार मंडळी. शाळकरी मुलांसाठी शहरांच्या नावांवर एक छोटी पुस्तिका करतेय. त्यात दक्षिण कोरियातलं देजॉन घ्यायचंय आणि तिथंच गाडं अडलंय.

या गावाचं अस्सल कोरियन नाव हानबात. 'हान' म्हणजे मोठं, 'बात' म्हणजे शेत. 'देजॉन' हे त्याचंच चिनी अक्षरांतलं रूप. आता शेताचं हे अक्षर जपानमध्ये भातखाचरासाठी वापरतात, कोरियात मात्र कोरडवाहू शेतासाठी. खाचरासाठी कोरियन लोकांनी वेगळं अक्षर घडवलं : शेताच्या डोक्यावर पाणी! मला हे फारच आवडलं. म्हणून नुसतं 'मोठं शेत' लिहून मोकळं व्हायला मन होत नाही. 'थोरलं वावर' चालेल का? की 'मोठं रान'? विदर्भ-मराठवाड्यातल्या मंडळींनी जरूर सांगा.

दुसरी अडचण उच्चाराची. 2000 पर्यंत रोमन लिपीत हे नाव 'टी'ने सुरू व्हायचं, नंतर 'डी'ने. कानाला मला तरी 'तेजॉन' ऐकू येतं. मुलांना कोणतं द्यावं?

आणि तिथल्या काइस्ट या विज्ञान-तंत्रज्ञान संस्थेत शिकणारं कुणी इथं असेल तर एवढं सांगा : 1905 मध्ये रेल्वे आली आणि लहानशा वस्तीचं शहर झालं, तिथल्या एका वनस्पती उद्यानाला आणि एका विद्यापीठाला हानबात नाव आहे, हे माहीत आहे. पण रोजच्या बोलण्यात लोक गावाला अजून हानबात म्हणतात का?