राणीच्या बागेत वाघ हवा का?

चिंचपोकळीकर

भायखळ्याची राणीची बाग, म्हणजेच वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान, बंद करा असं माझं म्हणणं नाही. १८६२ साली लोकांसाठी खुली झालेली ही बाग गिरणगावातल्या कित्येक पिढ्यांची रविवारची हक्काची जागा आहे, ती तशीच राहावी. माझा प्रश्न वाघ, बिबट्या आणि अस्वल यांच्यापुरता आहे. ते इथे असू नयेत असं माझं ठाम मत आहे.

साधा हिशोब बघा. बाग पन्नास-एक एकरांची, म्हणजे जेमतेम एक पंचमांश चौरस किलोमीटर. त्यातही झाडं, रस्ते, संग्रहालय, तिकीटघर आणि बाकीचे सगळे प्राणी. जंगलात एकट्या वाघिणीला वीस-पंचवीस चौरस किलोमीटर मुलूख लागतो, नराला त्याहून बराच जास्त. २०२० मध्ये औरंगाबादच्या सिद्धार्थ उद्यानातून शक्ती आणि करिश्मा ही जोडी आली, त्यांना नवं आवार मिळालं, मोठी काच बसली. पूर्वीच्या गजांच्या पिंजऱ्यापेक्षा ते शंभर पटीने चांगलं आहे, हे मान्य. पण प्राण्याची गरज पिंजऱ्याच्या मापाने बदलत नाही.

२००३ मध्ये 'नेचर' या नियतकालिकात क्लब आणि मेसन यांचा एक अभ्यास आला होता. जो मांसाहारी प्राणी निसर्गात जितका दूरवर फिरतो, तितकं त्याचं बंदिवासात येरझाऱ्या घालण्याचं प्रमाण जास्त, आणि तितकीच त्याची पिल्लं जास्त दगावतात, असं त्यात दिसलं. ध्रुवीय अस्वलाला मिळणारी जागा त्याच्या नैसर्गिक मुलुखाच्या साधारण दहा लाखावा भाग भरते. काचेपाशी थोडा वेळ शांत उभं राहिलं तर येरझाऱ्या म्हणजे काय ते कुणालाही कळेल. ठरलेल्या कोपऱ्यापर्यंत जायचं, त्याच ठिकाणी मान वळवायची, त्याच वाटेने परत यायचं. पावलं पडतात तिथलं गवत मरून मातीची पट्टी उघडी पडलेली असते.

हत्तींच्या बाबतीत आपण हा निर्णय आधीच घेतला आहे. केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणाने २००९ मध्येच प्राणिसंग्रहालयांत हत्ती ठेवू नयेत असं ठरवलं, कारण त्यांना लागणारी जागा तिथे मिळूच शकत नाही. मग हाच न्याय वाघाला का नको? आहेत त्यांना मरेपर्यंत उत्तम सांभाळा, नवे आणू नका, पैदास थांबवा. जागा साळिंदर, उदमांजर, घोरपड, तारांकित कासव, घुबडं यांना द्या. मुंबईच्या खारफुटीत कोल्हे आहेत, हे निम्म्या मुंबईला माहीत नाही. ते दाखवा.

स्नेहल_गोवंडी

तीव्र असहमत. मी पालिकेच्या शाळेत शिकवते. माझ्या वर्गातल्या मुलांनी वाघ फक्त पाठ्यपुस्तकात आणि मोबाइलवर पाहिलेला असतो. ताडोब्याला जायचं तर रेल्वेचं भाडं, राहणं, जंगल सफारीच्या जिप्सीचे काही हजार, आणि एवढं करून वाघ दिसेलच याची खात्री नाही. ती चैन आपल्यासारख्यांना परवडते. गोवंडीत, मानखुर्दात राहणाऱ्या बाईने पोरांना वाघ कुठे दाखवायचा?

तिकीट आधी पाच रुपये होतं, २०१७ मध्ये पन्नास झालं. चौघांच्या कुटुंबाचं एकत्रित तिकीट शंभर. तेव्हाच किती घरांची वारी कमी झाली ते मी पालकसभेत ऐकलंय. आता वाघही काढा म्हणताय. म्हणजे ज्यांच्याकडे पैसे आहेत त्यांनी खरा वाघ पाहायचा आणि बाकीच्यांनी घोरपड.

पाणघोड्याच्या तळ्यापाशी मुलांना घेऊन उभी राहते तेव्हा काय होतं ते सांगते. आधी नुसतं गढूळ पाणी. मग दोन छोटे कान वर येतात, गर्रकन फिरतात, पाणी उडतं, आणि त्यामागून ते अवाढव्य डोकं. वर्गात कधी तोंड न उघडणारा मुलगा तिथे मला विचारतो, 'बाई, तो खाली श्वास कसा घेतो?' पडद्यावर हजार व्हिडिओ दाखवून हा प्रश्न मला मिळालेला नाही. जनावराचा आकार, वास, त्याचं तुमच्याकडे बघणं, हे समोरच असावं लागतं. निसर्ग वाचवा म्हणून घोषणा देणारे उद्या कुठून येणार आहेत?

निशांत_ठाणे

दोघांशीही असहमत. धागाकर्ते अर्ध्यावर थांबले आहेत. वाघ नको आणि साळिंदर चालेल, हे कुठलं तत्त्व? साळिंदर रात्री हिंडतं, बिळं खणतं. त्याला दिवसाउजेडी सिमेंटच्या फरशीवर लोकांसमोर बसवलं तर तोही छळच आहे, फक्त तो आपल्याला दिसत नाही.

स्नेहलताई, मुलं तिथे वाघाबद्दल काय शिकतात? सुट्टीच्या दिवशी काचेपुढे उभे राहा. लोक काचेवर थापा मारतात, शिट्ट्या वाजवतात, झोपलेल्या वाघाला 'ए ऊठ' म्हणून ओरडतात, बाळाला काचेला चिकटवून फोटो काढतात. जनावर आपल्या करमणुकीसाठी आहे, एवढाच धडा तिथे मिळतो.

आणि पेंग्विनचं काय? २०१६ मध्ये सोलहून आठ हम्बोल्ट पेंग्विन आणले, त्यातला एक काही महिन्यांतच गेला. २०१८ च्या स्वातंत्र्यदिनी पिल्लू जन्मलं म्हणून केवढा जल्लोष झाला, आठवड्याभरात तेही गेलं. पेरू-चिलीच्या किनाऱ्यावरचा पक्षी भायखळ्यात सोळा-अठरा अंशांच्या वातानुकूलित खोलीत ठेवून मुंबईकराला निसर्गाबद्दल नेमकं काय कळलं?

याच शहरात बोरिवलीला १०४ चौरस किलोमीटरचं राष्ट्रीय उद्यान आहे आणि त्यात मोकळे बिबटे आहेत. जगात किती महानगरांकडे हे आहे? मुलांना तिथे न्या. पाऊलखुणा दाखवा, झाडावरचे ओरखडे दाखवा.

गुरांचा_डॉक्टर

पशुवैद्य आहे, पैकी काही वर्षं वन्यप्राण्यांसोबत काढली आहेत. तिन्ही बाजूंनी थोडं थोडं खरं बोललं गेलंय, पण काही गोष्टी निसटताहेत.

एक तर नुसत्या चौरस फुटांवरून कल्याण मोजता येत नाही. वाघ दिवसाचा मोठा भाग झोपून किंवा पडून काढतो. जंगलात तो फिरतो ते शिकारीसाठी, हद्द राखण्यासाठी आणि जोडीदारासाठी. पोट भरलेल्या वाघाला डोक्याला आणि नाकाला काम मिळालं, तर लहान आवारातही येरझाऱ्या खूप कमी होतात. मांस एकाच जागी न टाकता लपवायचं, ओंडके बदलत राहायचे, दुसऱ्या प्राण्याच्या शेणाचा वास सोडायचा, डुंबायला पाणी आणि लोकांकडे पाठ करून बसायला आडोसा द्यायचा. आडोसा सगळ्यांत महत्त्वाचा. प्रेक्षकाला 'वाघ दिसलाच नाही' असं वाटून परत जावं लागलं, तर ते आवार चांगलं आहे असं समजा. पण तक्रारवहीत पहिली तक्रार हीच येते आणि मग आडोसे काढले जातात.

दुसरं, प्रेक्षकांना दिसतं त्या आवाराबद्दल सगळे बोलतात, मागच्या रात्रनिवाऱ्याबद्दल कुणीच नाही. संध्याकाळी बाग बंद झाली की वाघ आत जातो आणि सकाळपर्यंत तिथेच असतो. म्हणजे दिवसाचे निम्म्याहून जास्त तास काँक्रीटच्या खोलीत. ती खोली केवढी, हवा कशी, फरशी ओली राहते का, हे विचारायला हवं.

निशांत, पेंग्विनबद्दल तुमचा राग समजतो, पण माहिती अपुरी आहे. हम्बोल्ट पेंग्विन बर्फातला पक्षी नाही. उरलेल्या सातांचे आता दुपटीहून जास्त झालेत. पिल्लं वाढवायला लागलेत याचा अर्थ रोजची निगा चांगली आहे. माझा आक्षेप त्यांच्या तब्येतीला नाही. तेवढा खर्च देशी प्राण्यांच्या वाट्याला कधीच का येत नाही, हे मला खुपतं.

चिंचपोकळीकर

डॉक्टर, रात्रनिवाऱ्याचा मुद्दा माझ्या बाजूचाच आहे. दिवसाचं आवार कितीही सजवलं तरी रात्र खोलीतच जाणार. डोक्याला काम द्या म्हणता, ते बरोबर. पण त्यासाठी रोज नवं काही करणारी माणसं लागतात, आणि आपल्याकडे प्राणीपालकाची जागा रिकामी झाली की ती भरायला किती काळ जातो हे पालिकेत कुणालाही विचारा. ज्या प्राण्याचं सुख माणसाच्या रोजच्या उत्साहावर टांगलेलं आहे, तो प्राणी आपण ठेवू नये.

निशांत, तत्त्व विचारलंत ते सांगतो. ज्या प्राण्याची गरज त्या जागेत पुरी होऊ शकते तो ठेवावा. कासवाची, घोरपडीची, मगरीची होऊ शकते. साळिंदराला खणायला माती आणि दिवसा अंधार द्या. बऱ्याच ठिकाणी निशाचर प्राण्यांची घरं दिवसा अंधारी ठेवून रात्री उजेड देतात, म्हणजे लोक येतात तेव्हा ते जागे असतात. हे भायखळ्यात जमण्यासारखं आहे. वाघाला वीस चौरस किलोमीटर देणं जमण्यासारखं नाही.

स्नेहलताई, मुलांच्या बाबतीत तुमचं म्हणणं मला मनापासून पटतं, पण तुम्ही स्वतःच पाणघोड्याचं उदाहरण दिलंत. त्या मुलाला प्रश्न पडायला वाघ लागला नाही. आणि तिकिटाबद्दल मी तुमच्यासोबत आहे. पन्नास रुपये हे सार्वजनिक बागेचं तिकीट नव्हे.

माळीबुवा

इथे सगळे प्राण्यांवर भांडताय, म्हणून आठवण करून देतो. ही मुळात वनस्पती उद्यानाची जागा आहे आणि तिथे जवळपास तीन हजार झाडं आहेत. गोरखचिंच आहे, कैलासपती आहे, उर्वशीचं झाड आहे. उर्वशीचा लाल-पिवळा झुबका उमललेला असताना लोक त्याच्या बुंध्याशी वेफर खात पेंग्विनच्या रांगेची वाट बघतात, वर कुणी बघत नाही. २००७ च्या सुमारास बागेच्या मोठ्या पुनर्विकासाची योजना आली तेव्हा झाडांसाठी सामान्य नागरिक उभे राहिले, वर्षानुवर्षं लढले, म्हणून आज ती सावली आहे. नवीन आवार म्हटलं की काँक्रीट, काच, यंत्रं, मुळांवर पाया. एक नवा परदेशी प्राणी आला की किती झाडांच्या मुळांना हवा मिळेनाशी होते हे कुठल्याच फलकावर लिहिलेलं नसतं. मला वाघाचं माहीत नाही. नवीन बांधकाम नको, एवढं नक्की.

निशांत_ठाणे

+१ माळीबुवा.

धागाकर्ते, संवर्धनाचं नाव अजून कुणी घेतलं नाही, पण घेतील, म्हणून आधीच सांगतो. गिधाडं वाचवायचं काम पिंजोरच्या केंद्रात झालं, बीएनएचएस (बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटी) आणि हरियाणा वनविभागाने केलं. ते केंद्र काही तिकीट लावून चालवलेलं नाही. जनावर खरोखर वाचवायचं असेल तर गर्दी लागत नाही.

स्नेहल_गोवंडी

अरबी ओरिक्स या हरणासारख्या प्राण्याचं काय मग? जंगलातून १९७२ पर्यंत संपला होता. १९८२ मध्ये ओमानमध्ये परत सोडला तो फिनिक्स शहराच्या प्राणिसंग्रहालयात वाढवलेल्या कळपाच्या जोरावर. तिकीट काढून माणसं येत होती त्याच जागी. दोन्ही होऊ शकतं.

काचेवर थापा मारणाऱ्यांबद्दल म्हणाल तर तिथे बोलता येणारा, मराठी-हिंदीत दोन गोष्टी सांगणारा माणूस उभा करा. शिट्टी फुंकणारा सुरक्षारक्षक नको. आमची मुलं सांगितलं की ऐकतात. त्यांना आजवर कुणी सांगितलंच नाही. आणि बोरिवलीचं उद्यान दाखवा म्हणणाऱ्यांनी साठ मुलं, दोन शिक्षिका आणि गोवंडी ते बोरिवली हा प्रवास एकदा करून बघावा. वाघ काढायला माझा विरोध कायम आहे.

गुरांचा_डॉक्टर

ओरिक्सचं उदाहरण योग्य आहे, फक्त तो वाळवंटातला चरणारा प्राणी. कळप वाढवून सोडता आला. पिंजऱ्यात वाढलेला वाघ जंगलात सोडणं फार अवघड, त्याला माणसाची भीती उरलेली नसते. त्यामुळे भायखळ्यातल्या बछड्यांना संवर्धन म्हणू नये.

चिंचपोकळीकर, तुम्ही 'पैदास थांबवा' एका वाक्यात लिहून मोकळे झालात. ती कशी थांबवायची? नर-मादी वेगळे ठेवले तर आवार आणि रात्रनिवारे दुप्पट लागतात, नाहीतर आलटून पालटून बाहेर सोडावं लागतं आणि प्रत्येकाचे मोकळे तास निम्म्यावर येतात. गर्भनिरोधक रोपणं करायची तर जुन्या प्रोजेस्टिन (एक संप्रेरक) प्रकारच्या रोपणांमुळे मोठ्या मांजरांत स्तनांच्या कर्करोगाचं प्रमाण वाढल्याचं दिसलंय. नराची नसबंदी हा त्यातल्या त्यात बरा मार्ग, पण त्यासाठी भूल द्यावी लागते आणि वयस्क वाघाला भूल देणं जोखमीचंच.

चिंचपोकळीकर

नसबंदी, आणि तीही नर तरुण असतानाच. जोडी एकत्र राहील, आवार वाढवावं लागणार नाही, माळीबुवांच्या झाडांनाही धक्का नाही. वयस्क असतील त्यांना भूल देऊ नये, त्यांच्यासाठी आलटून पालटून सोडणं चालेल. त्यात मोकळे तास कमी होतील हे खरं, म्हणून अशा वाघांची दिवसाची वेळ वाढवा. बाग लोकांसाठी संध्याकाळी बंद होते, वाघासाठी आवार रात्रभर उघडं ठेवायला काय अडचण आहे? डॉक्टर, कुंपण आणि पहारा नीट असेल तर हे कुठे केलं जातं का, ते तुम्ही सांगा.