भूत जुनंच, नियम नवा

"हॉररमध्ये आता नवं काही उरलं नाही, नुसते दचके" हे मत बऱ्याचदा ऐकू येतं, पण ते अर्धंच पटतं. झपाटलेलं घर, शाप, पछाडलेली पोर, हा माल जुनाच आहे. पण भीती कॅमेरा कुठे ठेवला आणि तो किती वेळ हलला नाही यावर जास्त ठरते.

'पॅरानॉर्मल ॲक्टिव्हिटी ३' (२०११) घ्या. सिनेमा बेताचाच, पण त्यात कॅमेरा फिरत्या टेबलफॅनच्या बुडावर बसवलाय. तो हॉलकडून स्वयंपाकघराकडे आणि परत, एकाच संथ गतीने फिरतो. काही दिसलं तरी थांबत नाही. पुढचं बघायला तो परत येईपर्यंत जीव मुठीत धरून बसायचं. 'इट फॉलोज'मध्ये (२०१४) भूत कुणाचंही रूप घेऊन चालत येतं; त्यात आजूबाजूचं बरंच दाखवणारी वाइड लेन्स असल्याने मागून चालत येणारं प्रत्येक माणूस संशयित वाटतं.

अशा सिनेमांच्या नकला फसतात त्या इथे: संगीत बंद, दोन-तीन सेकंद शांतता, मग कानठळ्या. हे तिसऱ्यांदा झालं की प्रेक्षक संगीत थांबताच सावध होतो आणि दचका फुकट जातो.

आपल्याकडे 'तुंबाड' (२०१८). बचावाला पिठाचं रिंगण, हस्तर या शापित, हावऱ्या देवाला भुलवायला पिठाची बाहुली, तो खाण्यात गुंतला की त्याच्या लंगोटातून सोन्याच्या मुद्रा काढायच्या. लोभापायी एकाऐवजी अनेक बाहुल्या नेल्या, तर तितकेच हस्तर उभे राहतात! शेवटचा घोळ आधी सांगितलेल्या नियमातूनच निघतो. असा नियम रचायला पटकथेतच घाम गाळावा लागतो. संगणकावर दृश्यं रंगवणारा व्हीएफएक्सवाला तो नंतर चिकटवू शकत नाही.