सीमाभागातले घरगुती नियम : तुमच्याकडे पत्ते, व्यापार, बुद्धिबळ कसं खेळतात?

मंडळी, छापील नियमांनी खेळलेला डाव दोन दिवसांत विसरायला होतो. घरात कुणीतरी काढलेला विचित्र नियम मात्र पिढ्यान्‌पिढ्या चालतो आणि त्या घराबाहेर कुणाला ठाऊकही नसतो. म्हणून हा धागा. बेळगाव, चिकोडी, हुक्केरी, कुठलेही असा. नियम असा लिहा की वाचून लगेच डाव मांडता यावा. घरातला पट्टीचा खेळाडू रोज जिंकायला लागला की असले नियम निघतात, असं माझं ठाम मत आहे.

आमचा बदामसात दोन भाषांत चालतो. पान टाकताना आकडा मोठ्यानं म्हणायचा : लाल पान कन्नडमध्ये, काळं मराठीत. बदाम सत्ती 'एळु' म्हणत उतरते, अठ्ठी 'एंटु', किलवर सत्ती मात्र 'सात'. चुकलं की पान परत हातात आणि पाळी गेली. चित्रांना सूट. आजीचं माहेर गोकाकचं, त्यामुळे तिला हरवणं अवघड. सुट्टीत पुण्याहून आलेली भावंडं एका दुपारीत दहापर्यंत कन्नड शिकायची.

खानापूर
आमच्याकडचं पावसाळी बुद्धिबळ. लाईट गेली की दोघांनी जागा बदलायच्या. पांढरी घेऊन बसलेला आता काळी खेळणार. खानापुरातला आषाढ-श्रावण ज्यांनी पाहिलाय त्यांना कळेल, एका डावात किती वेळा उठावं लागतं! यानं खेळण्याची पद्धतच बदलते. समोरच्याचा वजीर मारला की आनंदाऐवजी धास्ती, कारण पाच मिनिटांनी ती लंगडी बाजू आपल्याच गळ्यात यायची. ढग गडगडायला लागले की काका मुद्दाम आपला हत्ती मारायला द्यायचे. लाईट जाते कधी याचीच वाट बघत बसायचे. त्यातून प्यादी आजोबांच्या देशी नियमांनी : पहिल्या चालीलाही एकच घर, आणि शेवटच्या घरात पोचलं की ज्या मोहऱ्याची ती पट्टी, तेच मोहरं मिळणार. घोड्याच्या पट्टीत घोडा, वजीर मागायचा नाही. घरी इन्व्हर्टर आल्यावर लाईटच्या जागी कुकरची शिट्टी धरली. तेव्हापासून आई या खेळातली सगळ्यात ताकदवान व्यक्ती आहे.

निपाणी
उलटा व्यापार. ज्याचं दिवाळं आधी निघेल तो जिंकला. पैसे नुसते उधळायचे नाहीत. ज्या शहरावर थांबाल ते विकत घेणं सक्तीचं. अडचण अशी की शहर घेतलं की भाडं यायला लागतं. म्हणजे मालक 'भाडं नको गा' म्हणून हात जोडतोय आणि भाडेकरू नोटा त्याच्या पुढ्यात सारतोय! बँकेत बसलेल्या वहिनी भाडं मोजून घ्यायलाच लावायच्या. मूळ मोनोपॉलीत कुणी जागा नाकारली तर बँकेनं तिचा लिलाव करायचा असा नियम आहे. आमच्याकडे घेणं सक्तीचंच, त्यामुळे लिलावाचा प्रश्नच येत नाही.

बेळगाव, अनगोळ
मावशी सावंतवाडीची, तिच्याकडे दशावतारी गंजिफा पाहिला. गोल पानं, दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकात बारा, एकूण 120. दिवसा रामाचा राजा ज्याच्याकडे त्यानं उतारी करायची, रात्री कृष्णाचा राजा ज्याच्याकडे त्यानं. आम्ही ते मेंढीकोटात आणलं : दिवेलागणीपर्यंत हुकूम बदाम, नंतर इस्पिक. संध्याकाळच्या डावात देव्हाऱ्यात समई लागली की चालू हातापासून हुकूम बदलतो. चारही दश्श्या धरून कोट करायला निघालेले त्या क्षणी गार पडतात. फार सुंदर नियम आहे, जरूर करून बघा.

खानापूरकर, तुमचा नियम वाचून बुद्धिबळातला जगज्जेता बॉबी फिशर आठवला. पाठ केलेल्या सुरुवातींना कंटाळून त्यानं 1996 मध्ये मागच्या रांगेतली मोहरी चिठ्ठ्या टाकल्यासारखी मांडायची पद्धत जाहीर केली. दोन्ही उंट वेगळ्या रंगांच्या घरांत आणि राजा दोन हत्तींच्या मध्ये, एवढी अट पाळून 960 मांडण्या होतात. त्यावर कुकरची शिट्टी लावली तर?

लोंढा
गड्डेरी झब्बू, गणपतीतल्या जागरणाला. घराजवळून रेल्वे गेली की सगळ्यांनी हातातली पानं डावीकडच्याला द्यायची. मालगाडी असेल तर डबे संपेपर्यंत देतच राहायची. पाहुण्यांना वेळापत्रक सांगायचं नाही.