कमरेला बांधायची किडनी खरंच येतेय का?

ऐरोलीकर: बाबांचं डायलिसिस आठवड्यातून ३ वेळा, ४-४ तास, घरी आले की नुसते गळून पडतात, हातावरचा फिस्टुला (डायलिसिसच्या सुईसाठी ऑपरेशनने जोडलेली शीर) टम्म फुगलेला. ते बेल्टवालं मशीन कधी मिळणार?

कळव्याची ताई: दादा २०१६ ला सिएटलच्या ट्रायलचा रिपोर्ट आलेला, ७ पेशंट, ५ किलोचा पट्टा. एरवी एका डायलिसिसला १२० लिटरच्या आसपास पाणी लागतं, यात थोडंच पाणी सोर्बेंटने (घाण शोषून घेणारा पदार्थ) साफ करून फिरवत राहायचं, पण ट्यूबमध्ये कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे झाले नि ट्रायल थांबवली 😕

घोडबंदरवाला: दुसरा प्रकार बायोआर्टिफिशियल किडनीचा, म्हणजे गाळणीसोबत किडनीच्या जिवंत पेशी, त्या जगवणं हीच खरी कटकट. २०२३ ला यूसीएसएफवाल्यांनी (सॅन फ्रान्सिस्कोची युनिव्हर्सिटी) डुकरात ७ दिवस टिकवल्या, तेही शरीराच्या आत बसवून, बेल्ट नव्हे.

ऐरोलीकर: म्हणजे उद्या परत सकाळी ६ ची शिफ्ट.