वृद्धाश्रमातल्या आजी बक्षीसपत्रावर सही करणार आहेत, मी कुठवर मध्ये पडू?

नमस्कार मंडळी. पुण्याजवळच्या एका खासगी वृद्धाश्रमात मी समाजकार्यकर्ती आहे. ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदललेत.

ऐंशी ओलांडलेल्या एक आजी आहेत. यजमानांच्या मागे फ्लॅट त्यांच्या नावावर आला, तो मुलगा आता बक्षीसपत्राने स्वतःच्या नावावर करून घेतोय. मुलाला देताना मुद्रांक शुल्क जेमतेम २०० रुपये, त्यामुळे घाईला निमित्तही लागत नाही. आजींना सगळं कळतं. मला म्हणाल्या, "सही नाही केली तर तो यायचाच बंद होईल गं. आणि लेकीला यातलं बोलू नकोस." लेक दर रविवारी फोन करून विचारते, आई काही म्हणाली का? मी विषय जेवणखाण्यावर नेते.

त्यांची मर्जी म्हणून मी गप्प बसलेही असते. पण विसरणं वाढलंय. सकाळी अगदी लख्ख असतात, संध्याकाळी कधीकधी मला वहिनी म्हणून हाक मारतात. त्यात मुलाला आश्रमाकडून 'मानसिकदृष्ट्या सक्षम' असं पत्र हवंय. मॅनेजर म्हणतात, तूच लिही. ते डॉक्टरांचं काम आहे, मी लिहिणार नाही, हे सांगून झालंय. फी मुलगा भरतो, तेव्हा पुढे काय ऐकावं लागलं ते ओळखाच.

२००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याचं कलम २३ माहीत आहे: सांभाळाच्या अटीवर दिलेली मालमत्ता, सांभाळ झाला नाही तर, प्रांतांच्या न्यायाधिकरणाकडून रद्द करून घेता येते. पण सुप्रीम कोर्टाने २०२२ च्या एका निकालात अशी अट होती हे सिद्ध करायला लावलं. २०२५ मध्ये उर्मिला दीक्षित प्रकरणात जरा उदार अर्थ लावला. म्हणजे अट दस्तातच लिहिलेली बरी. त्यापेक्षा मृत्युपत्र केलं तर निदान हयातीत बदलता येईल. हे आजींना सांगावं, तर मुलगा त्यांना इथून हलवेल ही भीती. १४५६७ या ज्येष्ठांच्या हेल्पलाइनवर कळवावं, तर त्यांना न विचारता कुणी चौकशीला आलं की त्या माझ्याशी पुन्हा बोलणार नाहीत.

आजींची तयारी असेल तर त्यांना स्वतंत्र वकील भेटवणं माझ्या कामात बसतं का? मॅनेजरला आधी सांगावंच लागेल का? स्मरणशक्तीची तपासणी मानसोपचारतज्ज्ञांकडून करावी की न्यूरोलॉजिस्टकडून, आणि ती सहीच्या किती जवळची असावी? लेकीला काय उत्तर देता तुम्ही अशा वेळी? मुलगा महिनाअखेर येतोय.