आक्षेप समुद्रावर नको, खर्चावर घ्या

समुद्रकिनारी भरणाऱ्या वैज्ञानिक परिषदा म्हणजे ‘परिषदेच्या नावाखाली नुसतं फिरणं’, असा आक्षेप घेतला जातो. तो मला सरसकट पटत नाही. इटलीतलं त्रिएस्ते घ्या. विकसनशील देशांतले संशोधक एकटे पडू नयेत म्हणून पाकिस्तानी भौतिकशास्त्रज्ञ अब्दुस सलाम यांनी १९६४ मध्ये तिथे सैद्धांतिक भौतिकशास्त्राचं आंतरराष्ट्रीय केंद्र उभारलं. समोर एड्रिआटिक समुद्र, जवळच मिरामारेचा राजवाडा. संध्याकाळी किनाऱ्यावर चालताना ज्येष्ठ मंडळी जितकी मोकळेपणी बोलतात, तितकी व्याख्यानानंतरच्या पाच मिनिटांत बोलूच शकत नाहीत. नवख्या विद्यार्थ्यासाठी तेच मोलाचं.

मला खटकतं ते वेगळं. महागड्या बेटावर परिषद ठेवायची आणि नोंदणी शुल्क, विमानभाडं, व्हिसा सगळं पीएचडीवाल्याच्या शिष्यवृत्तीवर ढकलायचं, हा अन्याय आहे. त्रिएस्तेला विकसनशील देशांतल्या निवडक सहभागींना प्रवास-निवासासाठी मदत मिळते. अर्ज करताना ती जरूर मागा.